पाच लाखांची फौज सीमेवर: हुकूम कुणाचा आणि हिशेब कुणाकडे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबर २००१ मध्ये संसदेवर हल्ला झाला, सरकारने ‘ऑपरेशन पराक्रम’ या नावाने सुमारे पाच लाख फौज पाकिस्तानच्या सीमेवर नेली, दहा महिने तिथे उभी ठेवली आणि लढाई न करता परत आणली. यात संसदेचं एकदाही मतदान झालं नाही. हे घटनेत बसतं का? अमेरिकेत यासाठी कायदा आहे, मग आपल्याकडे का नाही? आणि सेनाप्रमुखांना पटत नसेल तर ते नाही म्हणू शकतात का? राज्यशास्त्राच्या प्रबंधासाठी विचारताय म्हणून जरा पसरट लिहितो.

आधी माझी बाजू सांगून ठेवतो, म्हणजे माझं बोलणं किती धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी फौजेत रसद आणि वाहतुकीच्या बाजूला नोकरी केली, आता वानवडीत निवृत्त आहे. नकाशावर बाण काढणारी मंडळी वेगळी. तो बाण ज्या मालगाड्यांवर बसून जातो त्यांची जुळवाजुळव आमच्याकडे असायची. त्यामुळे मला युद्ध दिसतं ते आधी डब्यांत, टनांत आणि रद्द झालेल्या सुट्ट्यांत.

कायद्याचं आधी उरकून घेऊ, कारण ते सोपं आहे. घटनेच्या ५३व्या कलमानुसार सैन्यदलांचं सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि ते कसं वापरायचं हे कायद्याने ठरतं. प्रत्यक्षात राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात. संरक्षण, सैन्यदलं, युद्ध आणि शांतता हे विषय सातव्या परिशिष्टातल्या केंद्राच्या सूचीत आहेत, म्हणजे त्यांवर कायदा करायचा अधिकार संसदेला आहे. पण ‘फौज हलवण्याआधी आमची संमती घ्या’ असा कायदा संसदेने आजवर केलेला नाही. त्यामुळे निर्णय होतो तो मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीत: पंतप्रधान आणि संरक्षण, गृह, परराष्ट्र, अर्थ या खात्यांचे मंत्री. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, हो, बसतं. आणीबाणी जाहीर केली तर ३५२व्या कलमाखाली संसदेची मंजुरी लागते, आणि ४४व्या घटनादुरुस्तीपासून ती महिन्याच्या आत लागते. पण परकीय आक्रमणाच्या कारणावरून आणीबाणी आजवर दोनदाच लागली, ऑक्टोबर १९६२ मध्ये आणि डिसेंबर १९७१ मध्ये. कारगिलच्या वेळी लागली नाही, पराक्रमच्या वेळीही नाही.

मात्र परवानगी होती की नव्हती एवढ्यावर थांबलात तर प्रबंध दोन पानांत आटपेल. तुम्हाला टोचतंय ते दुसरंच आहे. एवढी मोठी गोष्ट सुरू झाली, चालू राहिली, संपली, आणि ती नेमकी कशासाठी होती हे विचारून लेखी उत्तर मिळवायची जागा कुठे होती? माझ्या धंद्यातून बघितलं तर जमवाजमव हा एक निर्णय नसतोच. जायचं कधी हा एक. तिथे कशाची वाट बघत आणि किती दिवस बसायचं हा दुसरा. परत कधी फिरायचं हा तिसरा. पहिल्यावर सगळ्यांचं लक्ष असतं, तिसऱ्यावर थोडंफार. दुसरा निर्णय बहुतेक वेळा कुणी घेतच नाही, तो आपोआप होत राहतो, आणि फौज सगळ्यात जास्त झिजते ती त्याच काळात.

पहिला निर्णय एकदा घेतला की तो मध्येच थांबवणं का अवघड असतं, हे बाहेरच्या माणसाला सहसा कळत नाही. रणगाडा रेल्वेवर चढवताना कधी पाहिलाय? नगरच्या बाजूला राहिलेल्यांनी पाहिला असेल. सायडिंगच्या टोकाला उतार बांधलेला असतो. पहिला रणगाडा त्यावरून डब्यावर चढतो आणि एकामागून एक डबे ओलांडत गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मग दुसरा, मग तिसरा. पट्टे डब्याच्या दोन्ही कडांच्या थोडे बाहेर येतात आणि आत बसलेल्या चालकाला कड दिसत नाही. समोर एक जण उलटा चालत हाताच्या खुणांनी त्याला आणत असतो, आणि त्या वेळी सगळ्या सायडिंगवर कुणी मोठ्याने बोलत नाही. जागेवर आला की तोफ अडकवून टाकायची, पट्ट्यांना ठोकळे लावायचे, साखळ्या ताणायच्या. मग रेल्वेचा माणूस मापं घ्यायला येतो, कारण हा माल ठरलेल्या मापाबाहेरचा, रेल्वेच्या बोलीत ओडीसी. अशी गाडी कुठल्या मार्गाने न्यायची, शेजारच्या रुळावरून येणारी गाडी किती वेगाने सोडायची, याचे वेगळे नियम. एका रेजिमेंटमध्ये असे ४५ रणगाडे. त्यांच्यामागे दारूगोळा, डिझेल, दुरुस्तीच्या गाड्या, पाण्याचे टँकर, लंगरचं सामान. आणि त्या सगळ्यांच्या मागे कुठल्यातरी जंक्शनवर कोळशाच्या आणि खताच्या गाड्या अडकून पडलेल्या.

आता ही एक रेजिमेंट झाली. पराक्रमच्या वेळी शत्रूच्या मुलखात घुसायचं काम असलेल्या तीन कोअर होत्या, आणि त्यांची शांततेतली ठाणी मथुरा, अंबाला आणि भोपाळ. भोपाळहून राजस्थानची सीमा किती लांब आहे ते नकाशात बघा. सगळ्यांना जागेवर पोचायला तीन आठवडे लागले. हल्ला १३ डिसेंबरचा. पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांनी टीव्हीवरून दहशतवादी संघटनांवर बंदीची घोषणा केली ती १२ जानेवारीला. म्हणजे फौज जेमतेम तयार होते तोवर राजकारणाने कूस बदलली होती, वॉशिंग्टन आणि लंडनहून माणसं येऊ-जाऊ लागली होती, आणि ज्या रागाच्या भरात हुकूम निघाला तो राग आता वाटाघाटींत मुरला होता. दोष कुणा एकाला देत नाही. त्या वेळच्या रचनेत हे होणारच होतं. पुढे फौजेने आपली रचना आणि आखणी बदलायला घेतली त्याचं मूळ याच तीन आठवड्यांत आहे.

आणि मग बसणं सुरू झालं. पुण्यात हा विषय निघाला की कुणीतरी पानिपत काढतोच, आणि खरं सांगायचं तर इथे ते काढायला हरकत नाही. भाऊसाहेबांची फौज लढाईच्या आधीचे दोन-अडीच महिने पानिपतावर अडकून पडली होती, आणि १४ जानेवारी १७६१ उजाडेपर्यंत निम्मं नुकसान रसद तुटल्यामुळे होऊन गेलं होतं. २००२ मध्ये आमची रसद तुटली नाही, फौज उपाशी राहिली नाही. पण झीज थांबत नाही. रणगाड्यांच्या इंजिनांचे तास जातात. गाड्यांचे टायर वाळूत जातात. नेहमीचं प्रशिक्षण बंद पडतं, कारण प्रत्येक जण ‘उद्या हुकूम येईल’ म्हणून बसलेला असतो. सुट्ट्या बंद, मग थोड्या उघडल्या, मेमध्ये पुन्हा बंद. साताऱ्याकडे, अपशिंग्यासारख्या गावांत जिथे घरटी एक माणूस फौजेत, तिथे त्या वर्षी लग्नाच्या तारखा ठरवायच्या कशा हा खरा प्रश्न होता. एखाद्या सुभेदार मेजरला विचारा, तो तुम्हाला धोरणाबद्दल काही सांगणार नाही, पण किती जणांची लग्नं पुढे ढकलली ते सांगेल.

सगळ्यात वाईट सुरुंग. सीमेलगत प्रचंड पट्ट्यात घाईघाईने सुरुंग पेरले गेले. पंजाब-राजस्थानच्या शेतकऱ्यांची कसती जमीन त्यात गेली, पिकं गेली, नुकसानभरपाईचे कागद पुढे कित्येक महिने फिरत राहिले. पेरताना अपघात झाले, काढताना त्याहून अवघड. वाळू सरकते, पावसाने माती वाहते, आणि नकाशावर जिथे खूण आहे तिथे सुरुंग असेलच असं नाही. लढाई न होता आपण शेकडो जवान गमावले, त्यात या सुरुंगांचा वाटा मोठा होता.

या दहा महिन्यांत संसद काय करत होती? ती बंद नव्हती. मार्च २००२ मध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक बोलावून पोटा हा दहशतवादविरोधी कायदा मंजूर झाला. संयुक्त बैठक ही आपल्याकडे अगदी क्वचित होणारी गोष्ट, म्हणजे मनात आणलं तर संसद एकत्र बसू शकत होती. त्या अधिवेशनाचा बराच वेळ गुजरातच्या दंगलींवर गेला आणि जायलाच हवा होता. १४ मे रोजी जम्मूजवळ कालूचकला फौजी कुटुंबांवर दहशतवादी हल्ला झाला, पुन्हा युद्धाचे ढग आले, चर्चा झाल्या. पण ‘सीमेवरच्या फौजेचं उद्दिष्ट काय, ते साधलं हे कशावरून समजायचं, आणि पुढचा आढावा कधी’ असा नेमका ठराव कुणी आणला नाही. सत्ताधाऱ्यांना तो नकोच होता. विरोधकांनाही तो आणायचा नव्हता, कारण फौज सीमेवर असताना असा प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो ही भीती तेव्हाही होतीच. अखेर १६ ऑक्टोबर २००२ ला सुरक्षाविषयक समितीने फौज मागे घ्यायचं ठरवलं. जम्मू-काश्मीरची निवडणूक तेव्हा नुकतीच पार पडली होती.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल की मग मतदान सक्तीचं करावं. मी तिथे थबकतो. कारण १९६२.

संसदेचा अंकुश म्हणजे नेहमी लगामच असतो असं आपण धरून चालतो. १९५९ मध्ये सीमेवर लोंगजू आणि कोंगका खिंडीत चिन्यांशी झालेल्या चकमकींनंतर लोकसभेत जो गदारोळ झाला, तो सरकारने सबुरीने घ्यावं म्हणून नव्हता. प्रत्येक इंच परत घ्या, चौक्या पुढे न्या, असा तो होता. नेहरू सरकारने १९६१ च्या अखेरीस पुढे पुढे चौक्या टाकण्याचं धोरण घेतलं त्यामागे हा संसदेतला दाबही होता. म्हणजे देखरेख करणाऱ्यांनीच फौजेला अशा जागी ढकललं जिथे तिला पोसायची सोय नव्हती. आजच्या अरुणाचलच्या सीमेवर, थाग ला या डोंगरकड्याखाली, नामका चू नदीच्या काठी एक ब्रिगेड उभी केली गेली. तिला रसद विमानातून टाकावी लागत होती, टाकलेल्यातली बरीचशी दरीत जात होती, आणि अंगावर डोंगरातल्या हिवाळ्याला पुरतील असे कपडे नव्हते. माझ्यासारख्या रसदवाल्याला ती हकिगत वाचताना रणनीतीकडे जायचीही गरज वाटत नाही. तिथे ब्रिगेड ठेवायलाच नको होती.

त्याच वेळचा एक कागद तुमच्या प्रबंधाच्या मध्यभागी ठेवा. सप्टेंबर १९६२ मध्ये चिन्यांना थाग लावरून हुसकावण्याचं ठरलं तेव्हा पंतप्रधान लंडनला होते आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन न्यूयॉर्कला. सेनाप्रमुख जनरल थापर यांना हे झेपेल असं वाटत नव्हतं, म्हणून त्यांनी आदेश लेखी मागितला. लेखी मिळाला. त्यावर सही होती संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाची. एका देशाची फौज दुसऱ्या देशाच्या फौजेवर सोडायचा हुकूम, आणि सही सहसचिवाची. २० ऑक्टोबरला चिनी तुटून पडले आणि ती ब्रिगेड काही तासांत मोडली. राजकीय नियंत्रण नव्हतं असं इथे म्हणता येत नाही, नियंत्रण पुरेपूर होतं. जबाबदारी कुणाच्या नावावर हेच ठरलेलं नव्हतं.

त्याच युद्धाची दुसरी बाजूही सांगायला हवी. लढाई चालू असताना, ८ नोव्हेंबर १९६२ ला, संसदेचं अधिवेशन लवकर बोलावलं गेलं. ती मागणी लावून धरणाऱ्यांत तरुण वाजपेयी होते. गुप्त बैठक घ्या अशी सूचनाही आली, नेहरूंनी ती मानली नाही, चर्चा उघड झाली आणि दीडशेहून जास्त सदस्य बोलले. त्यामुळे आघाडीवर काही बिघडलं असं मला तरी कुठे आढळलेलं नाही. जे बिघडायचं ते आधीच बिघडलेलं होतं. तेव्हा ‘युद्धात संसद बोलावणं धोक्याचं असतं’ हे कुणी सांगितलं तर हा दाखला द्या. आणि लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आजही आहे, म्हणजे गोपनीयतेची सबबही पुरती टिकत नाही.

मेनन गेले आणि आपले यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपल्याकडे इतकं घासलं गेलंय की त्यांनी तिथे केलं काय ते मागे पडतं. त्यांनी सेनाप्रमुखांशी नियमित बसायची घडी घातली, आणि लष्करी डावपेचांत मंत्र्याने बोट घालायचं नाही, पण राजकीय हो किंवा नाही मंत्र्यानेच आणि ताबडतोब द्यायचं, हा पायंडा पाडला. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, सेनाप्रमुख आणि हवाईदल प्रमुख त्यांच्याकडे आले, आणि विमानं वापरायची परवानगी त्यांनी काही मिनिटांत दिली. संध्याकाळच्या आत विमानं उडाली होती. १९६२ च्या कागदाशेजारी ही संध्याकाळ ठेवा. संसदेचं मत दोन्ही वेळी घेतलेलं नव्हतं. फरक पडला तो निर्णय कुणाचा हे स्पष्ट असल्याने.

अमेरिकेचं उदाहरण तुम्ही दिलंत. तिथला कायदा १९७३ चा, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार डावलून केलेला: फौज लढाईत उतरवली की ४८ तासांत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कळवायचं, आणि मंजुरी मिळाली नाही तर साठ दिवसांत थांबायचं, परतीसाठी फार तर आणखी तीस. तो आला व्हिएतनामच्या अनुभवातून. आणि व्हिएतनाममध्ये मतदान झालं नव्हतं का? झालं होतं. ऑगस्ट १९६४ मध्ये टोंकिनच्या आखाताचा ठराव प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध शून्य मतांनी आणि सिनेटमध्ये फक्त दोघांच्या विरोधाने मंजूर झाला. त्या एका कोऱ्या चेकवर फौज वाढत गेली. जुलै १९६५ मध्ये जॉन्सन यांनी ती ७५ हजारांवरून सव्वा लाखावर नेत असल्याचं दुपारच्या पत्रकार परिषदेत सांगून टाकलं, आणि १९६९ पर्यंत आकडा पाच लाख चाळीस हजारांच्या वर गेला. पुन्हा इराकमध्ये २००७ साली बुश यांनी वीस हजारांहून अधिक सैनिक वाढवले तेव्हा प्रतिनिधिगृहाने विरोधाचा ठराव केला, २४६ विरुद्ध १८२ असा, पण तो बंधनकारक नव्हता आणि फौज गेलीच. मात्र त्यापाठोपाठ जे झालं ते मला जास्त कामाचं वाटतं. त्या सप्टेंबरमध्ये इराकमधल्या फौजेचे प्रमुख जनरल पेट्रेयस यांना काँग्रेससमोर बसवून, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, काय साधलं आणि फौज कधी कमी करणार हे तासन्‌तास विचारलं गेलं. तुम्हाला त्यांची उत्तरं पटोत न पटोत, आढाव्याची तारीख होती. आपल्याकडे पराक्रमच्या दहा महिन्यांत तशी एकही तारीख नव्हती.

ब्रिटनमध्ये तर लेखी कायदाही नाही, नुसता प्रघात आहे. तरी ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईचा प्रस्ताव कॉमन्समध्ये २७२ विरुद्ध २८५ मतांनी पडला आणि पंतप्रधानांनी तो सोडून दिला. तेव्हा कायदा आहे की नाही यापेक्षा सभागृहाला विचारायची सवय आहे की नाही हे बघा.

मग आपल्या संसदेच्या हातात काय आहे? पैसा, आणि तोही बहुतेक वेळा खर्च झाल्यावर. फौज हलते तेव्हा डिझेल, रेल्वेभाडं, भत्ते, सगळं चालू अंदाजपत्रकातून खर्च होतं आणि मग पुरवणी मागण्या येतात. तोवर माणसं सीमेवर असतात, त्यांच्या रेशनच्या विरोधात मत कोण देणार? संरक्षणावरची स्थायी समिती १९९३ पासून आहे, ती मागण्या तपासते, पण चालू मोहिमेत तिला जागा नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल येतो तो वर्षा-दोन वर्षांनी. कारगिलच्या घाईच्या खरेदीवरचा त्यांचा अहवाल डिसेंबर २००१ मध्ये संसदेत आला, आणि त्यात म्हटलं होतं की बराचसा माल लढाई संपल्यावर पोचला. संसदेवर हल्ला झाला त्या दिवशी सभागृह याच कारगिलच्या हिशेबावरून तहकूब झालेलं होतं. म्हणजे मागच्या लढाईचं बिल तपासणं चालू असतानाच पुढची जमवाजमव दारात आली.

त्यामुळे माझं मत असं झालंय की संसदेची खरी वेळ शांततेत असते. जुलै २०१७ मध्ये महालेखापरीक्षकांनी सांगितलं की दारूगोळ्याच्या तपासलेल्या १५२ प्रकारांपैकी ६१ प्रकार दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारे नव्हते. असा अहवाल हातात असताना दोन दिवस ओरड होते आणि विषय संपतो. रेल्वेचे किती खास डबे आहेत, सीमेलगतचे पूल किती टनांचे, साठा किती दिवसांचा, हे प्रश्न कंटाळवाणे आहेत, त्यावर कुणी टाळ्या वाजवत नाही. पण फौज हलवण्याची वेळ येते तेव्हा मंत्रिमंडळापुढे पर्याय किती आणि कुठले, हे याच उत्तरांनी आधीच ठरवून टाकलेलं असतं.

लडाखचं थोडक्यात सांगतो. मे २०२० पासून चीनशी तणाव, १५ जूनला गलवानमध्ये आपले २० जवान गेले, आणि दोन्हीकडे पन्नास हजारांच्या आसपास फौज उभी राहिली. खिंडी बर्फाने बंद व्हायच्या आत एवढ्या माणसांचे हिवाळी तंबू, कपडे, केरोसीन, रेशन वर पोचवणं हे काम त्या वर्षी फार चांगलं झालं, आणि धंद्यातला माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे. देखरेखीचं म्हणाल तर जूनमध्ये सर्वपक्षीय बैठक झाली आणि सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्र्यांनी निवेदन केलं. त्या अधिवेशनात करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास नव्हता आणि लोकसभेत निवेदनानंतर चर्चाही झाली नाही. देपसांग-डेमचोकचा समझोता ऑक्टोबर २०२४ चा. तोपर्यंत चार हिवाळे गेले होते.

आता सेनाप्रमुखांचा प्रश्न. नाही म्हणता येतं का? सल्ला देताना येतं, आदेश झाल्यावर नाही. मग उरतो राजीनामा. जनरल थिमय्यांनी १९५९ मध्ये तो दिला आणि नेहरूंनी समजूत घातल्यावर मागे घेतला, त्यात त्यांचीच शोभा झाली. एप्रिल १९७१ मध्ये माणेकशांनी इंदिरा गांधींना ‘आत्ता नाही’ सांगितल्याची गोष्ट इथल्या प्रत्येक कट्ट्यावर रंगवून सांगितली जाते, त्यांनी स्वतःही ती नंतर रंगवूनच सांगितली. त्या बैठकीत नेमके कोणते शब्द उच्चारले गेले यावर अभ्यासकांत वाद आहे, त्यात तुम्ही फार अडकू नका. माणेकशांनी लढायला नकार दिला नव्हता. त्यांनी पावसाळा, खिंडींतला बर्फ आणि फौजेची तयारी पुढे करून वेळ मागितला आणि सरकारने तो दिला. संसदेने ३१ मार्चलाच पूर्व बंगालच्या जनतेच्या बाजूने ठराव केला होता, त्यामुळे राजकीय दिशा उघड होती. ९ ऑगस्टला रशियाशी करार झाला. नोव्हेंबरात टपालावर निर्वासितांसाठी पाच पैशांचं जादा तिकीट आलं, म्हणजे गल्लीतल्या माणसालाही काहीतरी चाललंय हे कळत होतं. मधल्या महिन्यांत धर्मनगरपर्यंतच्या मीटरगेजने आणि पुढच्या एकुलत्या डोंगरी रस्त्याने त्रिपुरात साठे उभे केले गेले. इकडे राजस्थान-कच्छची आघाडी पुण्यातल्या दक्षिण कमांडकडे होती आणि तिचे प्रमुख होते लेफ्टनंट जनरल बेवूर. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झालं आणि १६ ला ढाक्यात शरणागती. तिथे फौजेला उद्दिष्ट आधी मिळालं, मग वेळ, मग हुकूम. २००१ मध्ये हुकूम आधी आला.

माझं स्वतःचं म्हणणं विचाराल तर आधी मतदान नको. शत्रूला वेळापत्रक देण्यासारखं ते होईल, आणि भावनेच्या भरात संसद ‘नाही’ म्हणेल अशी आशाही मला नाही. मला हवं ते एवढंच: मोठी जमवाजमव झाली की महिन्याभरात सरकारने सभागृहापुढे उद्दिष्ट ठेवावं, लागलं तर दारं लावून, पुढच्या आढाव्याची तारीख द्यावी, आणि त्या तारखेला पुन्हा उभं राहावं. आदेशावर मंत्र्याची सही असावी. युद्ध किती जवळ आलंय, सभागृह भरलेलं आहे की विसर्जित, यावर बरंच अवलंबून राहील. कारगिलच्या वेळी लोकसभाच विसर्जित होती, काळजीवाहू सरकार होतं आणि राज्यसभा बोलवायची मागणी होऊनही ती बोलावली गेली नाही.

प्रबंधासाठी १९६२, १९७१ आणि २००१-०२ एवढीच तीन घ्या. ऑपरेशन सिंदूर सोडा, त्यावर लोकसभेत जुलै २०२५ च्या अखेरीस झालेल्या चर्चेपलीकडे अजून कागद फारसे नाहीत. १९६२ च्या पराभवाची फौजेने केलेली चौकशी, म्हणजे हेंडरसन ब्रूक्स अहवाल, सरकारने आजतागायत प्रसिद्ध केलेला नाही, पण त्याच्या निष्कर्षांवर यशवंतरावांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन केलं होतं, ते लोकसभेच्या कामकाजात मिळतं. सुरुवात तिथून करा, मग सुब्रह्मण्यम समितीचा कारगिल अहवाल वाचा. पराक्रमवर तसा एकही अहवाल नाही, त्यामुळे त्या प्रकरणासाठी तुम्हाला २००२-०३ ची तारांकित प्रश्नांची उत्तरं एकेक करून चाळावी लागतील.